सॉफ्टबॉक्स लावूनही सावल्या कठोर का येतात?

स्टुडिओ फ्लॅशवर सॉफ्टबॉक्स, म्हणजे पुढे पांढरा पडदा असलेले प्रकाश मऊ करणारे कापडी आवरण, व्यवस्थित बसवलेला असतो, तरीही पोर्ट्रेटमध्ये नाकाची सावली गालावर धारदार उमटते, कपाळ आणि नाकाचा शेंडा चकाकतो आणि एकूण परिणाम उघड्या फ्लॅशपेक्षा फारसा वेगळा दिसत नाही, ही तक्रार नवशिक्यांकडून आणि कधीकधी सरावलेल्या छायाचित्रकारांकडूनही वारंवार ऐकू येते. अशा वेळी पुढच्या पडद्यावर आणखी एक पांढरे कापड ताणावे किंवा सॉफ्टबॉक्सच बदलावा, असा विचार सर्वांत आधी सुचतो. कापडात दोष मात्र क्वचितच असतो. तो बहुधा सॉफ्टबॉक्स आणि चेहरा यांच्यातील अंतरात, सॉफ्टबॉक्सच्या आत फ्लॅश ज्या रीतीने बसला आहे त्यात, किंवा ज्या खोलीत छायाचित्र काढले जात आहे त्या खोलीत असतो.

यांपैकी नेमके काय चुकते आहे, हे कॅमेऱ्यामागे उभे राहून कळत नाही, कारण तेथून सॉफ्टबॉक्स नेहमी मोठा आणि उजळच दिसतो. मॉडेल ज्या खुर्चीवर बसते त्या खुर्चीवर स्वतः बसावे, डोळे तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावेत आणि मॉडेलिंग लॅम्प, म्हणजे फ्लॅशमधला सतत जळणारा छोटा दिवा, चालू ठेवून सॉफ्टबॉक्सकडे पाहावे. चेहऱ्याला जो प्रकाश मिळतो तो याच जागेवरून दिसणारा प्रकाश असतो. काम आटोपल्यावर अडचण लक्षात आली असेल आणि हे शक्य नसेल, तर काढलेल्या छायाचित्रात डोळा पूर्ण मोठा करून पाहावा. बुबुळाचा पृष्ठभाग बहिर्गोल आरशासारखे काम करतो आणि त्यात सॉफ्टबॉक्सचे प्रतिबिंब त्याच्या आकारासह, मध्यावरच्या प्रखर ठिपक्यासह आणि शेजारच्या पांढऱ्या भिंतीसह स्पष्ट उमटलेले असते. माझ्या मते पोर्ट्रेटच्या प्रकाशयोजनेतील दोष शोधण्यासाठी याहून विश्वासार्ह पुरावा नाही.

सावलीची कड आणि सावलीचा काळेपणा

उपाय करण्याआधी तक्रार नेमकी कोणती आहे हे ठरवणे आवश्यक आहे, कारण दोन वेगळ्या तक्रारी येथे नेहमी एकमेकींत मिसळतात. पहिली तक्रार सावलीच्या कडेची असते, म्हणजे उजेडातून अंधाराकडे जाताना होणारा बदल अरुंद पट्ट्यात उरकतो की गालभर पसरत जातो. दुसरी तक्रार सावलीच्या काळेपणाची असते, म्हणजे त्या पट्ट्यापलीकडचा भाग किती गडद आहे. कड ही प्रकाशाचा उगम चेहऱ्यावरून किती मोठा दिसतो यावर अवलंबून असते, तर काळेपणा हा सावलीच्या बाजूला इतर कोठून किती प्रकाश परत येतो यावर अवलंबून असतो. मोठ्यात मोठा सॉफ्टबॉक्स काळ्या भिंतींच्या खोलीत लावला तर कड रेशमासारखी मऊ असूनही अर्धा चेहरा काळोखात बुडतो. उलट लहान उघडा फ्लॅश पांढऱ्या भिंतींच्या चिंचोळ्या खोलीत वापरला तर सावली फिकट पडते, पण तिची कड धारदारच राहते. पहिल्या प्रसंगी आणखी मोठा सॉफ्टबॉक्स आणणे आणि दुसऱ्या प्रसंगी रिफ्लेक्टर, म्हणजे प्रकाश परतवणारा तक्ता, लावणे, दोन्ही सारखेच निरुपयोगी आहे.

छायाचित्र पूर्ण आकारात उघडून नाकाच्या सावलीची आणि हनुवटीखालच्या सावलीची कड पाहिली की निवाडा लगेच होतो. कड काही मिलिमीटरांतच संपत असेल तर पुढील दोन विभाग वाचावेत. कड पसरट असून केवळ काळेपणा खटकत असेल तर थेट त्यानंतरच्या विभागाकडे वळावे.

अंतर: सर्वांत नेहमीचे कारण

सूर्याचा व्यास सुमारे चौदा लाख किलोमीटर आहे, पण पृथ्वीवरून तो आकाशात जेमतेम अर्धा अंश व्यापतो आणि म्हणूनच भर दुपारच्या सावल्या इतक्या रेखीव असतात. आकाश ढगांनी भरले की तोच प्रकाश संपूर्ण आकाशातून येऊ लागतो आणि सावल्या जवळजवळ नाहीशा होतात. सॉफ्टबॉक्सलाही हाच न्याय लागू पडतो. साठ सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून ६० सेंटीमीटरवर असेल तर तो चेहऱ्यावरून सुमारे ५३ अंशांचा दिसतो. तोच १८० सेंटीमीटरवर नेला की तो १९ अंशांचा उरतो. एवढ्या अंतरावरून आधीइतकाच मऊ प्रकाश हवा असेल तर १८० सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स लागेल. पेटीवर छापलेले माप हे म्हणूनच अर्धीच माहिती देते, आणि अंतर सांगितल्याशिवाय एखादा सॉफ्टबॉक्स मऊ आहे की नाही या प्रश्नाला अर्थ उरत नाही.

खांद्यापर्यंतच्या पोर्ट्रेटसाठी सुरुवात म्हणून एक सोपा ठोकताळा वापरावा: सॉफ्टबॉक्सचा कर्ण जेवढा, साधारण तेवढेच अंतर. ६० बाय ९० सेंटीमीटरच्या सॉफ्टबॉक्सचा कर्ण सुमारे १०८ सेंटीमीटर भरतो, म्हणजे तो एक मीटरच्या आसपास ठेवून पहिले छायाचित्र काढावे आणि मग हवे तसे पुढेमागे सरकवावे. अंतर मोजताना ते फ्लॅशच्या नळीपासून न मोजता पुढच्या पडद्यापासून मोजावे.

सॉफ्टबॉक्स जवळ आणायला हवा हे बहुतेकांनी कोठे ना कोठे वाचलेले असते, तरीही तो दूर जातो, आणि त्याची दोन कारणे असतात. एक म्हणजे जवळ आणल्यावर प्रकाश फार होतो. व्यस्त वर्गाचा नियम, जो योहानेस केप्लरने १६०४ मध्ये प्रकाशासाठी मांडला, असे सांगतो की अंतर निम्मे केले की प्रकाश चौपट होतो, म्हणजे दोन स्टॉपने वाढतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे). सॉफ्टबॉक्स बिंदूएवढा नसल्यामुळे अगदी जवळच्या अंतरावर ही वाढ थोडी कमी भरते, पण १८० सेंटीमीटरवरून ६० सेंटीमीटरवर आल्यास जवळपास तीन स्टॉपचा फरक पडतोच. पार्श्वभूमी धूसर राहावी म्हणून अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) एफ/२ किंवा एफ/२.८ वर उघडे ठेवलेले असेल आणि मोनोलाइट, म्हणजे स्टँडवरचा स्टुडिओ फ्लॅश, आधीच सर्वांत कमी शक्तीवर असेल, तर छायाचित्र पांढरेफटक येते आणि नाइलाजाने स्टँड मागे ढकलला जातो. ही अडचण अंतराने सोडवू नये. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) किमान करावा, अ‍ॅपर्चर एक-दोन स्टॉप बंद करावे आणि तेही नको असेल तर लेन्सवर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे रंग न बदलता प्रकाश घटवणारी करडी काच, लावावा. शटरचा वेग वाढवून मात्र काही साधत नाही, कारण फ्लॅशचा उजेड शटरच्या उघडीपेक्षा कितीतरी थोडा वेळ टिकतो. वेग सिंक मर्यादेपलीकडे, म्हणजे फ्लॅश उडताना शटर पूर्ण उघडे असते त्या सर्वाधिक वेगापलीकडे, नेला तर फ्रेमच्या एका बाजूला काळा पट्टा येतो आणि त्याचा दोष अनेकदा उगाच सॉफ्टबॉक्सच्या कडेवर ढकलला जातो.

दुसरे कारण असे की जवळ आणलेला सॉफ्टबॉक्स फ्रेममध्ये डोकावू लागतो. त्यावर ८५ मिलिमीटर किंवा त्याहून लांब लेन्स वापरणे हा उत्तम उपाय आहे, कारण तिचा दृश्यकोन अरुंद असल्याने सॉफ्टबॉक्स फ्रेमच्या अगदी कडेपर्यंत आणता येतो. बूम स्टँडवरून, म्हणजे आडवा लांब दांडा असलेल्या स्टँडवरून, सॉफ्टबॉक्स वरच्या बाजूने आणल्यासही जागा मिळते. तेव्हा बूमच्या दुसऱ्या टोकाला वजन आणि स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी असल्याखेरीज मॉडेलला त्याखाली बसवू नये. पार्श्वभूमी एकरंगी असेल तर सॉफ्टबॉक्सचा कोपरा खुशाल फ्रेममध्ये येऊ द्यावा आणि नंतर पुसून टाकावा, यात काही कमीपणा नाही.

जवळ आणण्याची किंमत पार्श्वभूमीच्या रूपाने मोजावी लागते, हे आधीच माहीत असलेले बरे. चेहरा सॉफ्टबॉक्सपासून ६० सेंटीमीटरवर आणि पार्श्वभूमी चेहऱ्यामागे १८० सेंटीमीटरवर असेल, तर पार्श्वभूमीवर पडणारा प्रकाश चेहऱ्यावरील प्रकाशापेक्षा चार स्टॉपच्या जवळपास कमी असतो आणि पांढरा कागदही गडद राखाडी दिसतो. सॉफ्टबॉक्स १८० सेंटीमीटरवर नेल्यास हा फरक दोन स्टॉपच राहतो. म्हणजे मऊपणा आणि उजळ पार्श्वभूमी एकाच दिव्यातून मिळवण्याचा हट्ट धरला की अंतर वाढत जाते. पार्श्वभूमीला वेगळा फ्लॅश दिला की हा ताण संपतो. दोन व्यक्ती शेजारी बसल्या असतील तेव्हा मात्र जवळचे अंतर खरोखरच अडचणीचे ठरते, कारण एक व्यक्ती दिव्यापासून १०० आणि दुसरी १४० सेंटीमीटरवर असली तरी दोघींच्या चेहऱ्यांत पूर्ण एका स्टॉपचा फरक पडतो. अशा वेळी मोठा सॉफ्टबॉक्स दूर ठेवणे किंवा त्याचा रोख दूरच्या व्यक्तीकडे वळवून जवळच्या व्यक्तीवर फक्त त्याची कड पडू देणे, एवढेच मार्ग उरतात.

मध्यभागी तापलेला ठिपका

अंतर योग्य असूनही कड धारदार असेल तर खुर्चीवर बसून पडद्याकडे नीट पाहावे. पडदा मध्यभागी प्रखर आणि कोपऱ्यांत मंद दिसत असेल, तर ९० सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स प्रत्यक्षात तेवढ्या मधल्या ठिपक्याइतकाच मोठा आहे असे समजावे. मॉडेलिंग लॅम्प आणि फ्लॅशची नळी यांच्या जागा थोड्या वेगळ्या असल्यामुळे नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये. कॅमेरा चेहऱ्याच्या जागी ठेवून, आयएसओ १०० आणि एफ/१६ धरून, फ्लॅश सर्वांत कमी शक्तीवर उडवावा आणि सॉफ्टबॉक्सचेच छायाचित्र काढावे. मधला भाग फुटून पांढरा होत असेल तर अ‍ॅपर्चर आणखी बंद करून पुन्हा पाहावे. प्रकाशमापक असल्यास पडद्याला टेकवून मध्य आणि चारही कोपरे मोजावेत. अर्ध्या स्टॉपपर्यंतचा फरक मी उत्तम मानतो, एक स्टॉप चालवून घेतो, आणि दोन स्टॉप भरले तर बिघाड सापडला असे समजतो.

ठिपका पडण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे आतला पडदा लावलेलाच नसणे. बहुतेक सॉफ्टबॉक्समध्ये दोन पडदे असतात आणि घडी घालताना किंवा प्रकाश वाढवण्यासाठी आतला काढलेला राहून जातो. त्याचे काम मधला झोत अडवून प्रकाश आतल्या चंदेरी भिंतींकडे वळवण्याचे असते, त्यामुळे तो बाहेरच्या पडद्याला चिकटून राहता कामा नये. दोघांमध्ये चांगले अंतर हवे. त्याचे बंद सैल पडून तो पुढे लोंबत असेल तरीही ठिपका परत येतो. याउलट बाहेरून आणखी एक कापड लावल्याने उगमाचा आकार वाढत नाही. प्रकाश तेवढा घटतो आणि मऊपणात दिसण्यासारखी भर पडत नाही.

स्पीडलाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणारा लहान फ्लॅश, वापरणाऱ्यांकडे कारण बहुधा झूममध्ये असते. स्पीडलाइटचे डोके लेन्सच्या फोकल लांबीनुसार आपोआप झूम होते, त्यामुळे ते ८५ किंवा १०५ मिलिमीटरवर अडकून राहिले तर अरुंद झोत थेट पडद्याच्या मध्यावर आदळतो आणि सॉफ्टबॉक्सच्या भिंतींना प्रकाश मिळतच नाही. झूम हाताने २४ मिलिमीटरवर आणावा आणि डोक्यात दडलेली रुंद कोनाची पारदर्शक पट्टी बाहेर ओढावी. मोनोलाइटमध्ये नळी पुढे आलेली असेल तर प्रकाश चहूकडे फेकला जातो. ती खोलगट वाटीत दडलेली असेल आणि सॉफ्टबॉक्स उथळ असेल, तर ही जोडीच मुळात जमत नाही आणि तेथे खोल सॉफ्टबॉक्स घेणे हाच प्रामाणिक सल्ला ठरतो. काठ्या चारही बाजूंनी सारख्या ताणलेल्या आहेत ना, आणि वजनाने पुढे झुकलेल्या सॉफ्टबॉक्समध्ये फ्लॅश तिरका तर पाहत नाही ना, हेही एकदा तपासावे.

पडद्यावर चौकोनी घरांची जाळी लावलेली असेल तर तिच्याकडेही खुर्चीवरूनच पाहावे. चेहऱ्याच्या जागेवरून कोपऱ्यांतली घरे काळी दिसत असतील तर तेवढा पडदा वाया गेला आहे. जाळी प्रकाश इतरत्र सांडू नये म्हणून असते, आणि सॉफ्टबॉक्स जवळ असताना ती मऊपणाला थोडी कात्री लावतेच. नव्याने शिकणाऱ्याने ती काही काळ पिशवीतच ठेवावी असे माझे मत आहे.

कड मऊ, पण सावली काळी

येथे सॉफ्टबॉक्सला हात लावण्याची गरज नाही. सावलीच्या बाजूला, फ्रेमच्या लगेच बाहेर, थर्मोकोलचा पांढरा तक्ता किंवा रिफ्लेक्टर उभा करावा आणि तो चेहऱ्याकडे सरकवत न्यावा. एक मीटरवर त्याचा परिणाम जेमतेम जाणवतो आणि अर्ध्या मीटरच्या आत आल्यावर डोळ्याखालचा भाग झटकन उघडतो. दुसरा फ्लॅश वापरायचा असेल तर तो मुख्य प्रकाशापेक्षा एक ते दोन स्टॉप कमी ठेवावा, म्हणजे मुख्य प्रकाश एफ/८ मोजत असेल तर भरणीचा प्रकाश एफ/५.६ किंवा एफ/४ मोजला पाहिजे. दोन्ही सारखे झाले की नाकाच्या दोन्ही बाजूंना सावल्या पडतात, आणि त्या एका काळ्या सावलीपेक्षा वाईट दिसतात.

नेमकी उलटी अडचण लहान पांढऱ्या खोलीत येते: चेहरा सपाट दिसतो, कारण भिंती आणि छत सावली भरून काढतात. तेथे सावलीच्या बाजूला काळे कापड टांगावे. जाळीचा खरा उपयोगही इथेच आहे. खोलीतल्या दिव्यांचा यात वाटा आहे का हे तपासण्यासाठी फ्लॅश उडवणारा ट्रिगर बंद करून त्याच मापांवर एक छायाचित्र काढावे. ते जवळजवळ पूर्ण काळे आले पाहिजे. काही दिसत असेल तर शटर सिंक मर्यादेच्या आत, बहुतेक कॅमेऱ्यांवर १/१६० ते १/२०० पर्यंत, वाढवावे किंवा खोलीतले दिवे बंद करावेत. त्वचेवर एका बाजूने येणारी पिवळी छटाही पुष्कळदा याच चाचणीत सापडते, कारण फ्लॅशचा प्रकाश सुमारे ५५०० केल्विनचा आणि पिवळ्या टंगस्टन दिव्याचा ३००० केल्विनच्या आसपास असतो. छटा संपूर्ण छायाचित्रावर सारखी असेल तर मात्र पडद्याचे कापड जुने होऊन पिवळसर पडले असावे, आणि सॉफ्टबॉक्समधूनच राखाडी कार्डावर व्हाइट बॅलन्स घेतला की ती जाते.

कपाळावरची चकाकी

तेलकट त्वचेवरची चकाकी म्हणजे सॉफ्टबॉक्सचे अस्पष्ट प्रतिबिंब, आणि ती कमी करण्यासाठी दिवा दूर नेण्याची प्रवृत्ती अगदी स्वाभाविक असली तरी परिणाम उलटा होतो. प्रतिबिंबाचा उजळपणा पडद्याच्या उजळपणाइतकाच असतो आणि तो अंतराने बदलत नाही. त्वचेवर विखरून परतणारा प्रकाश मात्र दिवा जवळ आला की वाढतो. दिवा १८० वरून ६० सेंटीमीटरवर आणून एक्स्पोजर पुन्हा त्वचेनुसार जुळवले, की चकाकी त्वचेच्या तुलनेत सुमारे तीन स्टॉपने खाली येते आणि मोठ्या भागावर पसरून सौम्य होते. मधला ठिपका असेल तर हा लाभ मिळत नाही, कारण मग ठिपक्याचेच प्रतिबिंब कपाळावर बसते. एवढे करून उरलेली चकाकी टिपकागदाने आणि पावडरने घालवावी. तिच्यासाठी प्रकाशयोजना बिघडवू नये.

सॉफ्टबॉक्सचा रोख चेहऱ्यावरून थोडा पुढे वळवून त्याच्या कडेचा प्रकाश वापरल्यानेही चकाकी उतरते, शिवाय पार्श्वभूमीवर सांडणारा प्रकाश बदलतो. असे करताना पुन्हा खुर्चीवर बसून पाहावे, कारण सॉफ्टबॉक्स फार वळवला तर चेहऱ्यावरून तो अरुंद पट्टीसारखा दिसू लागतो आणि कड परत धारदार होते.

डोळे आणि चष्मा

डोळ्यांच्या खोबणी काळ्या आणि बुबुळांत प्रतिबिंबच नाही, अशी स्थिती असेल तर सॉफ्टबॉक्स फार उंच आहे आणि भुवयांचे हाड त्याला अडवते आहे. बुबुळात वरच्या बाजूला, घड्याळातील दहा किंवा दोनच्या जागी प्रतिबिंब येईपर्यंत तो खाली घ्यावा.

चष्मा असेल तर मात्र मोठा आणि जवळचा सॉफ्टबॉक्स हाच शत्रू होतो, कारण तो जितका अधिक कोन व्यापेल तितका काचेत सापडण्याची शक्यता वाढते. मॉडेलिंग लॅम्प चालू ठेवून आणि डोळा लेन्सच्या जागी आणून प्रतिबिंब पाहावे. सॉफ्टबॉक्स वर आणि बाजूला सरकवत ते काचेबाहेर जाईपर्यंत न्यावे. तेवढी जागा नसेल तर चष्म्याच्या दांड्या कानांवरून किंचित उचलाव्यात, म्हणजे काचा खाली झुकतात आणि प्रतिबिंब कॅमेऱ्याऐवजी जमिनीकडे जाते. समोरून पाहताना हा झुकाव लक्षात येत नाही. त्यानेही भागत नसेल तर मॉडेलला हनुवटी थोडी खाली घ्यायला सांगावे, आणि त्यामुळे भुवयांखाली पडणारी सावली छातीच्या उंचीवर आडव्या धरलेल्या पांढऱ्या तक्त्याने भरून काढावी, तो तक्ता स्वतः काचेत दिसत नाही याची खात्री करून.